राज्य कोणावर?

शाळकरी वयात शारीरिक शिक्षण या विषयाशी माझा संबंध आला तो डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरता. गल्लीतले डॉक्टर वडिलांच्या ओळखीखातर ती लिहून देत, आणि मला नेमकं काय झालंय हे त्यांचं अक्षर कुणाला कळू देत नसे. चिठ्ठी नसेल त्या दिवशी मी रांगेत उभा असे. ‘सावधान’ला मी पाय जुळवेपर्यंत ‘विश्राम’ होई. ‘विश्राम’ मात्र मला पहिल्या झटक्यात जमे. वार्षिक क्रीडास्पर्धांत मी दरवर्षी न चुकता उतरलो. माइक माझ्याकडे असे. कोण पहिला आला हे अख्ख्या मैदानाला ओरडून सांगतानाही दम लागतो, पण त्याचं प्रमाणपत्र कोणी देत नाही.

पुढे मराठीचा शिक्षक झालो आणि मैदानाशी संबंध ठेवले ते खिडकीतून. आमच्या शाळेला पीटीचे सर आहेत. त्यांच्या नुसत्या पोटऱ्या दिसल्या तरी मुलं रांगेत येतात. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात मतदारयाद्यांचं काम निघालं. घरोघर हिंडायचं, जिने चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. या कामाला शाळेत लायक माणूस एकच. पीटीचे सर गेले आणि त्यांचे तास स्टाफरूमच्या टेबलावर येऊन पडले. ज्यांना आधी कळलं ते सगळे त्या दिवशी कामात होते. मी चहा पीत होतो.

मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं.

“सर, पाचवी ‘ब’ची पीटी आता तुमच्याकडे.”

“मॅडम, मी? माझ्या गुडघ्याला जरा...”

“तुम्ही जीवनकौशल्यांच्या प्रशिक्षणाला गेला होतात ना?”

इथे माझा बचाव आटोपला. गेलो होतो, हजेरीपत्रकावर सही होती. प्रशिक्षण नेमकं उत्तरपत्रिका तपासायच्या दिवसांत आलं होतं आणि तिथे जेवण होतं, ही दोन्ही कारणं मॅडमना सांगण्याजोगी नव्हती.

“मग तीच कौशल्यं खेळातून शिकवा. २०२०च्या शैक्षणिक धोरणातही खेळातून शिक्षण आहेच. आणि नोंदी नीट ठेवा, केंद्रप्रमुख साहेब येणार आहेत.”

ही जीवनकौशल्यं म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली शाळांसाठी एक पुस्तिका काढली. माणसाला धड जगायचं तर काय काय यावं लागतं, त्याची यादी तिच्यात आहे. मूळ कौशल्यं दहा: स्वतःची जाणीव, समानुभूती, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, परिणामकारक संवाद, माणसांशी जुळवून घेणं, भावना आवरणं आणि ताण पेलणं. यादीत खोट काढायला जागा नाही. प्रशिक्षणात सुलभकांनी ती पडद्यावर दाखवली तेव्हा मी वहीत उतरवून घेतली. यातली आपल्याकडे किती, हा हिशेब मांडणारच होतो, पण जेवणाची सुटी झाली आणि तो राहून गेला.

तर मी टाचण काढायला बसलो. टाचण काढण्यात मात्र मला जिल्ह्यात तोड नाही. लाल शाईने रकाने आखले: खेळ, कौशल्य, अध्ययन निष्पत्ती, मूल्यमापन. लंगडीसमोर लिहिलं ‘ताण पेलणे’, कारण लंगडीत सगळा ताण एकाच पायावर येतो. लगोरीसमोर ‘समस्या सोडवणे’. साखळीसमोर ‘माणसांशी जुळवून घेणे’. विषामृतासमोर ‘समानुभूती’. आट्यापाट्यांसमोर ‘निर्णय घेणे’. डबा ऐसपैससमोर काय लिहावं सुचेना, तिथे ‘सर्जनशील विचार’ घातला. जे कशातच बसत नाही ते सर्जनशीलतेत बसतं, हे निबंध तपासून तपासून मला ठाऊक झालं आहे. खो-खोसमोर ‘वरील सर्व’ लिहिलं. मग पस्तीस मिनिटांच्या तासाची वाटणी केली: प्रस्तावना पाच, खेळ पंधरा, चर्चा दहा, दृढीकरण पाच. टाचण इतकं देखणं झालं की प्रत्यक्ष तास घ्यायची गरजच काय, असं क्षणभर वाटून गेलं.

पीटीच्या सरांनी जाताना शिट्टी आणि क्रीडासाहित्याच्या कपाटाची किल्ली हवाली केली. कपाटात लाकडी डंबेल्स होते, झांजा गळालेल्या लेझिमी होत्या, कधीकाळी गोल असलेला फुटबॉल होता आणि अर्धं पोतं फक्की होती.

“फक्की मारताना वाऱ्याकडे पाठ करा,” सर म्हणाले.

वारा कुठून येतो हे मराठीच्या शिक्षकाला कवितेत कळतं. मैदानात कळायला वेळ लागला. खो-खोची मधली पट्टी आखून मी वर पाहिलं तेव्हा पट्टीपेक्षा जास्त फक्की माझ्या अंगावर होती आणि अख्खी पाचवी ‘ब’ ओळीने बसून कौतुकाने बघत होती. “सर, अजून एक लाइन मारा ना,” मागून कोणीतरी म्हणालं.

मी प्रस्तावना सुरू केली. खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधून दिले, इथपासून सुरुवात केली. हे सांगायला मला आवडत होतं. मुलं उन्हात उकिडवी बसली होती आणि एकेकाचा पाय मातीत रेघोट्या ओढू लागला होता. शेवटी समोरची एक काटक मुलगी उठून उभी राहिली. दोन घट्ट वेण्या, गुडघ्यावर वाळलेली खपली. ही वर्गाची कप्तान. तिला कोणी निवडलं, कधी निवडलं, याची शाळेच्या दप्तरात नोंद नाही.

“सर, वर्ल्ड कप पण झालाय खो-खोचा. दिल्लीत. आपण जिंकलो. बायकांचा पण आणि पुरुषांचा पण.”

“हो का?” मी म्हणालो.

“२०२५ ला. प्रियांका इंगळे कॅप्टन होती. आणि प्रतीक वाईकर. दोघं महाराष्ट्राचे.” आणि मग अत्यंत अदबीने: “खेळायचं का आता?”

दोन संघ पाडायचे होते. माझ्या टाचणात ‘एक-दोन, एक-दोन म्हणवून घेणे’ असं होतं. मुलं एकमेकांकडे बघून हसली. एकाने मला बाजूला घेऊन समजावलं, “सर, एक-दोन म्हटलं ना, की आम्ही आधीच जागा बदलतो. सगळे फास्टवाले एकीकडे येतात.” मग त्यांनी त्यांच्या पद्धतीने गडी वाटून घेतले. ती पद्धत अशी: दोघं दोघं खांद्यावर हात टाकून लांब जातात आणि आपल्याला गुपचूप नावं पाडून घेतात. परत येऊन दोन्ही कप्तानांसमोर उभे राहतात. “कुणाला हवा डोंगर, कुणाला हवी नदी?” कप्तान डोंगर मागतो, डोंगर त्याच्या संघात, नदी दुसऱ्या. कोण डोंगर हे मागणाऱ्याला माहीत नसतं. आणि यातली खरी मेख जोडी जमवण्यात आहे: जोडी आपल्या तोडीच्याच मुलाशी जमवायची. वर्गातला सर्वांत वेगवान पोरगा दुसऱ्या क्रमांकाच्या वेगवान पोराचा खांदा धरून गेला. मैदानावर हमखास पडणारा एक गोलमटोल मुलगा जराही न अडखळता दुसऱ्या तशाच मुलाकडे गेला, आणि दोघं मजेत नावं ठरवू लागले. स्वतःची जाणीव हे पहिलं कौशल्य मी टाचणात आठवड्याअखेरीला ठेवलं होतं.

खो-खो दाखवून द्यायला मी स्वतः पाटीवर बसायचं ठरवलं. पाटी म्हणजे मधल्या पट्टीतला ३० सेंटीमीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद चौकोन. ज्यांनी हे माप ठरवलं त्यांच्या डोळ्यांपुढे माझ्या बांध्याचा माणूस नसावा. आठ जण बसतात, एकाआड एक उलट्या दिशांना तोंडं करून. नववा पाठलाग करतो. त्याने मधली पट्टी ओलांडायची नाही, एकदा धरलेली दिशा सोडायची नाही, बाजू बदलायची तर खांबाला वळसा घालायचा. ते जमत नसेल तर बसलेल्याला मागून हात लावून ‘खो’ म्हणायचं आणि त्याची जागा घ्यायची.

कप्तानीने माझ्या पाठीत थाप मारली. “खो!”

उठण्याची माझी रीत सावकाशीची आहे. आधी उजवा तळहात जमिनीला, मग डावा गुडघा, मग थोडा विचार, मग उजवा गुडघा. नियमाप्रमाणे कप्तान माझ्या जागेवर लगेच बसली; मी अजून तिथेच होतो. त्या ३० सेंटीमीटरमध्ये आम्ही दोघं काही काळ होतो, आणि खाली माझी पोटरी होती. उठलो तो उजवीकडे दोन पावलं टाकली. पळणारा मुलगा डावीकडे दिसला. मी वळलो.

“फाउल!” सगळा वर्ग ओरडला.

“मी फक्त बघत होतो,” मी म्हणालो.

“खांदा वळला, सर.”

खांद्यावरून दिशा ठरते. पोट आधी वळलं असेल तर काय, असं विचारायचं मनात आलं, पण शिक्षकाने प्रत्येक शंका विचारलीच पाहिजे असं नाही.

पंधरा मिनिटं झाली. मी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना गोलात बसवलं. टाचणाप्रमाणे चर्चा.

“तर मुलांनो, या खेळातून आपण काय शिकलो?”

शांतता.

“घाबरू नका. मनातलं बोला.”

“पाणी प्यायला जाऊ?”

“ते नंतर. काय शिकलो आपण?”

बराच वेळ विचार करून एकाने हात वर केला. “सरांना खो द्यायचा नाही.”

वर्गाने माना डोलावल्या. मी वहीत लिहिलं: चिकित्सक विचार, बरोबरची खूण. निर्णय घेणे, बरोबरची खूण.

विषामृताच्या तासाला मी जास्त तयारीने गेलो. राज्य असलेला गडी हात लावून विष देतो, ज्याला विष मिळालं तो तिथल्या तिथे थिजतो, आणि त्याच्याच बाजूच्या कोणीतरी येऊन अमृत दिलं की तो सुटतो. म्हणजे स्वतः पकडलं जायचा धोका पत्करून दुसऱ्याला सोडवायला जायचं. समानुभूती याहून वेगळी काय असते? घटना घडली की तिथेच मुलांच्या लक्षात आणून द्यायची, असं सुलभक म्हणाले होते. म्हणून कोणी कोणाला सोडवायला धावलं, की मी शिट्टी फुंकत होतो. “थांबा! पाहिलंत? तिने स्वतःचा विचार केला नाही! याला काय म्हणतात?” मुलं आज्ञाधारक. शिट्टी झाली की सोडवायला निघालेली मुलगी थांबे, आणि राज्यवाला, जो शिट्टीला जुमानत नव्हता, तो येऊन तिलाही विष देई. थोड्याच वेळात मैदानभर थिजलेली मुलं उभी होती आणि समानुभूतीचा सराव करायला कोणी मोकळं उरलं नव्हतं.

कप्तान माझ्याकडे आली. “सर, तुम्ही त्या लिंबाखाली बसून मार्क लिहाल का?”

हे ती इतकं गोड बोलली की मला उठवलं गेलंय हे मी बसल्यावर कळलं. परिणामकारक संवाद, बरोबरची खूण.

लिंबाखालून मला एक भांडण दिसलं. “लागलं!” “लागलंच नाही!” “लागलं, मी बघितलं!” छाती छातीला भिडायला आली होती. माझ्याकडे या प्रसंगासाठी पाच पायऱ्यांचा तक्ताच होता. मी लगबगीने गेलो. “दोघं आधी खोल श्वास घ्या. आता प्रत्येकाने ‘मला असं वाटतं की’ या शब्दांनी वाक्य सुरू करा.” दोघांनी माझ्याकडे, मी घरातला आजारी पाहुणा असावा अशा नजरेने पाहिलं. तोवर कप्तान पोचली. “गळ्याशपथ सांग,” ती म्हणाली. त्या मुलाने गळ्याची कातडी चिमटीत धरली. बोलायला तोंड उघडलं. मग चिमूट सुटली.

“लागलं. पण हळू लागलं.”

“हळू लागलेलं पण लागतं.”

“पण मग याने ढकललं का?”

“ढकललं म्हणून याला टाइमप्लीज नाही. तुझ्यावर राज्य. चला.”

गेले. अपील नाही, तारीख नाही. तक्त्याच्या तिसऱ्या पायरीवरचं “आता एकमेकांच्या डोळ्यांत बघा” हे वाक्य मी रिकाम्या जागेला उद्देशून पूर्ण केलं.

त्या रात्री मला पियाजे आठवला. डी.एड.ला असताना परीक्षेपुरता वाचला होता. मुलांना नीती-नियम कसे कळतात हे शोधायला हा स्वित्झर्लंडचा मोठा माणूस गोट्या खेळणाऱ्या पोरांत जाऊन बसला, आणि १९३२ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. पद्धत अशी, की आपण खेळ विसरलोय असं दाखवायचं आणि पोरांना म्हणायचं, मला शिकवा. लहान पोरांना वाटतं की नियम वडीलधाऱ्यांनी किंवा देवाने घालून दिलेत, त्यांना हात लावायचा नाही. दहा-अकराच्या सुमाराला कळायला लागतं की नियम खेळणाऱ्यांनीच केलेत आणि सगळ्यांची हरकत नसेल तर बदलताही येतात. पाचवी ‘ब’ नेमकी त्याच वयाची. बिचाऱ्या पियाजेला अज्ञानाचं सोंग आणावं लागलं. माझी तेवढी मेहनत वाचणार होती.

पुढच्या तासाला मी टाचण कपाटात ठेवलं आणि म्हणालो, “मलाही घ्या खेळायला.”

वर्गात कुजबुज झाली. डोंगर-नदी करून सगळ्या जोड्या लागल्या, मी उरलो. माझ्या तोडीचं कोणी नव्हतं. पहिल्यांदा साखळीत घेऊन बघितलं. साखळीत ज्याच्यावर राज्य तो दुसऱ्याला धरतो, दोघं हात धरून तिसऱ्याला, अशी साखळी वाढत जाते. मधेच तुटली तर धरलेला धरला जात नाही. मला मधे घेतलं तर साखळी माझ्यापाशी तुटायची. टोकाला लावलं तर टोक कुठेच पोचायचं नाही. संस्थेत असलेल्या पण कुठेच न बसणाऱ्या माणसाचं काय करायचं हा प्रश्न मोठमोठ्या कचेऱ्यांना वर्षानुवर्षं सुटत नाही. कप्तानीने नखं खात क्षणभर विचार केला.

“सर लिंबूटिंबू.”

लिंबूटिंबू आधीच एक होती. कप्तानीची धाकटी बहीण, दुसरीतली. दुसरीची शाळा लवकर सुटते आणि रिक्षावाले काका दोघींना एकदमच नेतात, म्हणून ही रोज शेवटच्या तासाला मैदानावर. सेवाज्येष्ठतेने ती माझी वरिष्ठ. दप्तर पाठीला तसंच ठेवून तिने मला कामाचं स्वरूप समजावून दिलं.

“आपल्याला कोणी आउट करत नाही. हात लागला तरी खेळायचं. आपल्यावर राज्य येत नाही.”

“वा!”

“पण पळायचं. नुसतं उभं राहिलं ना, तर मग घेत नाहीत.”

मी नोकरीत बऱ्याच सवलती पाहिल्या आहेत, काही घेतल्याही आहेत. सवलत घेणाऱ्याने पळालंच पाहिजे, अशी अट असलेली ही पहिली. आम्ही दोघं पळू लागलो. ती पुढे, दप्तरातला डबा खुळखुळत, मी मागे. कोणी आम्हाला हात लावला तर आम्ही खिदळायचो आणि पुढे जायचो. आयुष्यात प्रथमच मैदानावर माझं काहीही बिघडत नव्हतं. घरी गेल्यावर बायकोने विचारलं, आज एवढे खुशीत? म्हटलं, लिंबूटिंबू झालो. ती म्हणाली, यात नवीन काय?

मग एके दिवशी त्या धाकटीला हात लागला आणि ती जागच्या जागी थांबली.

“मी आउट.”

“पळ गं, तू लिंबूटिंबू आहेस,” बहीण ओरडली.

“नाही. मी आउट झाले.” तिने पाय आपटला. दप्तर काढून लिंबाच्या बुंध्याशी नेऊन ठेवलं. “माझ्यावर राज्य द्या.”

खेळ थांबला. सगळे गोळा झाले. “राज्य आलं तर रडायचं नाही,” बहिणीने दटावलं. “नाही रडणार.” “आईला सांगायचं नाही.” “नाही सांगणार.” ठरलं. राज्य धाकटीवर.

ती धावत सुटली आणि तिच्या हाती कोणी लागेना. एक फेरी, दोन फेऱ्या. ओठ मुडपायला लागले. तेव्हा वर्गातला तो सर्वांत वेगवान पोरगा, ज्याच्या अंगाला आजवर कोणाचा हात लागला नव्हता, तो तिच्या वाटेत आला. एकदम सावकाश झाला असता तर तिला कळलं असतं. त्याने वेग उतरवला तो अगदी थेंबाथेंबाने. वळणावर चप्पल सटकल्याचं निमित्त केलं. आणि तिचा हात पाठीला लागला तेव्हा “छ्या! चप्पलमुळे!” म्हणून इतका खरा चडफडला की ती आनंदाने किंचाळली.

शिट्टी माझ्या तोंडात होती. आत फक्की गेली असावी, वाजली नाही.

आता पंचाईत माझी झाली. दुसरीतली मुलगी बढती घेऊन गेली आणि लिंबूटिंबू म्हणून मैदानात मी एकटा राहिलो. माणसाला कितीही झालं तरी स्वाभिमान असतो. मी कप्तानीकडे तोंडी अर्ज केला. सुनावणी झाली. अटी सांगण्यात आल्या: शिट्टी द्यायची. टाइमप्लीज एकदाच, तेही बूट सुटला तरच. चर्चा घ्यायची नाही. शेवटच्या अटीवर सगळ्यांचा भर होता. मी मान्य केलं आणि शिवणापाणीचा डाव पडला. पहिल्याच डावात राज्य माझ्यावर.

मी धावलो. मन लावून धावलो. माझ्यासाठी कोणाची चप्पल सटकली नाही. वेगवान पोराकडे मी दोनदा आशेने पाहिलं. तो माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून मला वाकुल्या दाखवत होता. पूर्ण भिडू होणं म्हणजे काय, ते मला त्या दोन हातांच्या अंतरात समजलं. लिंबाचं झाड हा भोज्या. मी जवळ गेलो की सगळे जाऊन भोज्याला चिकटायचे, दूर गेलो की पांगायचे. धाकटीसुद्धा. तिला तर माझी सगळी अंतर्गत माहिती होती. “सरांचा डावा गुडघा दुखतो, डावीकडून पळा!” ती सर्वांना सांगत होती.

घंटा झाली. मी सुटकेचा श्वास सोडला आणि रुमाल काढला.

“सर, उद्या तुमच्यावरच राज्य,” कप्तान दप्तर उचलत म्हणाली.

मुलांच्या कायद्यात राज्याला मुदत नसते. घंटेने ते संपत नाही, रात्रीने संपत नाही, आणि पुढे कळलं की बदलीनेही संपत नाही. कारण मतदारयाद्यांचं काम उरकून पीटीचे सर दुसऱ्याच दिवशी हजर झाले. मी किल्ली आणि शिट्टी परत केली. त्यांनी शिट्टीत फुंकर मारली तेव्हा पांढरा धूर निघाला. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मैदान पुन्हा खिडकीत गेलं. पण राज्य माझ्याकडेच राहिलं. मराठीच्या तासाला वह्या परत देताना मुलं वहीचं टोक चिमटीत धरून झटकन ओढून घेऊ लागली. परिपाठाला पाचवी ‘ब’ची रांग माझ्याजवळ आली की बाहेरच्या बाजूला फुगायची. स्टाफरूममध्ये निरोप घेऊन येणारी कप्तान दारातच उभी राहायची, एक हात अंतर राखून.

अशात केंद्रप्रमुख साहेब आले. त्यांनी माझं टाचण पाहिलं आणि खरोखर खूश झाले. लाल शाईच्या रकान्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. शेरेपुस्तकात लिहिलं: ‘खेळातून जीवनकौशल्ये. उपक्रम स्तुत्य. इतर शाळांनी अनुकरण करावे.’ मग वर्गावर आले. “काय रे मुलांनो, सरांनी खेळातून काय शिकवलं?”

वर्ग गप्प. शेवटी गोलमटोल मुलगा उठला. “सरांवर राज्य आहे, साहेब.”

“छान, छान,” साहेब म्हणाले. त्यांना बहुधा सरांचं वर्गावर राज्य आहे असं ऐकू आलं. मॅडमना मात्र नीट ऐकू आलं असावं, कारण त्या एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

निघताना साहेबांनी अभिनंदनासाठी हात पुढे केला, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तो हात दोन्ही हातांनी धरला. चांगला घट्ट धरला, कुणी नंतर ‘हळू लागलं’ म्हणू नये म्हणून. साहेब थोडे दचकले, पण कामावर निष्ठा असलेला शिक्षक भावनाविवश होतो हे त्यांनी पाहिलेलं असणार. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि मी वळलो. पाचवी ‘ब’ खिडकीच्या गजांना लटकून सगळं बघत होती. मी दोन्ही मोकळे हात वर करून दाखवले.

आत थोडा वेळ खलबत झालं. मग कप्तानीने गजांमधून तोंड बाहेर काढलं.

“धरत नाही, सर. साहेब कुठे खेळत होते?”